अध्यक्षांच्या तोंडाने शुभारंभ

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. गावाला बक्षीस मिळालेलं आहे, आणि अशा लिखाणात गावाचं नाव आलं की बक्षीस परत मागायला माणसं येतात. एवढं सांगतो की आंजी मोठी या गावावरून एसटी आत वळते, दोन नाले ओलांडते आणि कंटाळून जिथे थांबते ते आमचं गाव. स्टँडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, तेरवीच्या पत्रिका, सगळं इथूनच निघतं. आणि गेल्या सहा वर्षांपासून महाराष्ट्राचं कर्करोगाविषयीचं धोरणही इथूनच निघतं, असं प्रेमदासभाऊंचं म्हणणं आहे.

प्रेमदासभाऊ पुलगावच्या दारूगोळा डेपोत मजूर होते. आत जाताना बिडी-काडी गेटवर ठेवावी लागायची. बरोबरच आहे, आत बारूद. पण खर्ऱ्याला काडी लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, तळहाताने घोट घोट घोटायचा, आणि चिमूटभर गालात ठेवून विसरून जायचं. नोकरीभर बारुदीजवळ उभं राहून या माणसाला साधा ओरखडा आला नाही. भडका उडाला तो निवृत्तीनंतर, डाव्या गालात.

नागपूरच्या दवाखान्यात त्यांचा अर्धा जबडा काढला आणि छातीवरचं मांस तोंडात लावलं. माणूस वाचला. आधी ते फारसे बोलत नसत. अर्धा जबडा गेला आणि दुप्पट बोलायला लागले. बोलणं थोडं बोबडं, पण ऐकणाऱ्याची सुटका नाही. कारण विचारलं तर तेच सांगायचे, "मुकेश, डॉक्टरनं छातीचं मांस तोंडात लावलं न बे. आता छातीत जे हाय थे सारं तोंडात येऊन राह्यलं."

बरे होऊन आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते लेटरहेड छापायचं. विदर्भात माणसाला दुःख झालं की तो समिती काढतो. 'कर्करोग संशोधन व आरोग्य धोरण जनहक्क समिती'. कंसात 'अखिल भारतीय' टाका म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, समितीत तुम्ही एकटेच. तर म्हणाले, "मी भारतातच राह्यतो न?" अध्यक्ष आणि सचिव ते स्वतः. कोषाध्यक्ष तानाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना ही नेमणूक अजूनही माहीत नाही.

मग निवेदनं सुरू झाली. तहसीलदार, जिल्हाधिकारी, आमदार, आरोग्य खातं, संशोधनाचे पैसे वाटणाऱ्या दिल्लीच्या कचेऱ्या. प्रत्येकाची एक प्रत 'माहितीस्तव' दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. सगळे एकमेकांना माहिती देत बसले आणि काम कोणीच केलं नाही. पण प्रेमदासभाऊ खूश असायचे, कारण प्रत्येक निवेदनाची पोच मिळायची. पोचेवर गोल शिक्का असायचा. तो ते मला उन्हात धरून दाखवायचे.

मागणी मात्र सहा वर्षांत बदलली नाही, हे मला कबूल करावं लागेल. मीच टाइप करत होतो, त्यामुळे पाठ झाली आहे. खर्रा आपल्या भागातला, तर त्याचा अभ्यासही आपल्या भागात व्हावा. डॉक्टरांनी गावात यावं, लोकांची तोंडं पाहावीत, पांढरा चट्टा दिसला त्याला तिथंच धरावं आणि पुढची काही वर्षं पाहत राहावं. लवकर दाखवलं तर जबडा वाचतो, हे एकदा अभ्यासानं कागदावर येऊ द्या. मग प्रत्येक उपकेंद्रात तोंड तपासायचा नियम करा. बस, एवढंच. शेवटचं वाक्य नेहमी ठळक अक्षरात: 'लवकर दाखवलं तर जबडा वाचतो.'

निवेदनांचा ढीग झाला तेव्हा सरकारला दोनच रस्ते उरले. एक तर मागणी मान्य करायची, नाही तर माणसाला बैठकीला बोलवायचं. सरकारनं बैठकीला बोलावलं. 'रुग्ण प्रतिनिधी' म्हणून प्रेमदासभाऊ मुंबईला गेले. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे 'मनोगत' असं छापलेलं होतं. आधी दीपप्रज्वलन झालं, मग स्वागतगीत, मग मान्यवरांचा सत्कार, मग मान्यवरांनी मान्यवरांचा केलेला सत्कार, मग रुग्ण प्रतिनिधींच्या जिद्दीचा सत्कार. शाल खांद्यावर, श्रीफळ हातात घेऊन ते माइकसमोर आले तेव्हा जेवण लागलं होतं. नागपूरला तेच. पुण्याला तेच. सत्कार म्हणजे माणसाला गप्प करायची सर्वांत सभ्य रीत आहे, हे मला त्या वर्षांत कळलं. हातात नारळ असला की माणूस भांडू शकत नाही.

तानाबाईंनी त्या सगळ्या शालींची मिळून वाकळ शिवली. मी गेलो की दाखवायच्या. "मेल्यावरही कोणी येवढ्या टाकत नाई माणसावर," म्हणायच्या.

एकदा मात्र ते बोलले. पुण्याच्या दुसऱ्या बैठकीत नारळ त्यांनी टेबलावर ठेवून दिला आणि म्हणाले, "साहेब, खर्रा आमचा, तोंड आमचं, अन् अभ्यास भलत्याच मुलखातल्या लोकाईचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी." बैठकीचे अध्यक्ष म्हणाले, "फारच हृदयस्पर्शी." सरकारात हा शब्द फाईल बंद करताना वापरतात.

आता नत्थूजींकडे येतो. त्यांच्याशिवाय ही गोष्ट नाही.

नत्थूजी आमच्या गावातले मोठे शेतकरी. कापूस, तूर, सोयाबीन आणि अध्यक्षपद ही त्यांची चार पिकं. तंटामुक्तीचे अध्यक्ष ते, शाळा समितीचे ते, पाणीपुरवठ्याचे ते, स्मशानभूमी सुधार समितीचेही तेच. गावात कशाचाही शुभारंभ असो, नारळ नत्थूजींच्या हातात. हातपंपाचा वायसर बदलला तरी ते पांढरा सदरा घालून हजर. आणि प्रेमदासभाऊंचे ते लहानपणापासूनचे दोस्त. आमच्या गावात पंगती वेगळ्या होत्या, विहिरी वेगळ्या होत्या, मढी जाळायच्या जागाही वेगळ्या होत्या. पण खर्ऱ्याची पन्नी सगळ्यांची एक. एकानं घोटायला घेतलं की बाकीचे बोलणं न थांबवता नुसता हात पुढे करतात. मागायचं नाही आणि घोटणाऱ्यानं विचारायचं नाही, जो हात येईल त्यावर चिमूट ठेवायची. नत्थूजींच्या आजोबांनी प्रेमदासभाऊंच्या आजोबांच्या हातचं पाणी घेतलं नाही. नातवांनी चाळीस वर्षं एका पन्नीतला खर्रा खाल्ला. समता आली, पण कुठून आली बघा.

प्रेमदासभाऊंना नागपूरला बिजलीचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होते तेव्हा नत्थूजी रोज सोबत जायचे. शेतीची कामं टाकून जायचे. दोस्त आत मशीनखाली आणि हे गेटबाहेर झाडाखाली. दुःख सहन होईना, म्हणून त्या दिवसांत नत्थूजींचा खर्रा दुप्पट झाला.

पुढे कोणीतरी तंबाखूमुक्त गावाची योजना आणली. तिच्या समितीचा अध्यक्ष कोण, हे सांगायला नको. पाहणीच्या दिवशी गाव असं धुतलं की कुत्र्यांनाही ओळख पटेना. भिंतींवरच्या पिचकाऱ्यांवर चुना मारला. रामाजीचा पानठेला उचलून स्टँडच्या मागं नेला. पाहुणे आले, त्यांनी स्वच्छ भिंती पाहिल्या, शाळेच्या पोरांचं पथनाट्य पाहिलं, जेवले आणि गावाला बक्षीस मिळालं. स्टँडवर मोठा फलक लागला: 'तंबाखूमुक्त गावात आपले स्वागत आहे.' रामाजीनं ठेला त्या फलकाच्या मागंच ठेवला. रस्त्यावरून दिसत नाही आणि दुपारी सावली मिळते. खर्रा विकायला तशी कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे आमच्याकडे कोणी विकत नाही. फक्त मिळतो.

यंदाच्या उन्हाळ्यात एका लग्नात प्रेमदासभाऊ आणि नत्थूजी शेजारी जेवायला बसले होते. पंगतीत आलू-वांग्याची रस्सेदार भाजी आली. लग्नातल्या या भाजीसाठी आमच्याकडे माणूस नात्यात नसलेल्या लग्नालाही जातो. नत्थूजींनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि मठ्ठा मागितला. मठ्ठ्यात पोळी कुस्करली. घास तोंडात घालताना मान तिरपी केली. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातातला घास हातातच राहिला. त्याचं स्वतःचं दुखणं असंच सुरू झालं होतं.

"कधीपासून बे?" प्रेमदासभाऊंनी विचारलं.

"काय कधीपासून? उष्णता झाली. तोंड आलं हाय."

"दाखव."

"तुले कायले दाखवू? तू डॉक्टर हायेस काय?"

त्या दिवसापासून प्रेमदासभाऊ रोज त्यांच्या ओसरीवर. चल नागपूरला. चल निदान सेवाग्रामला. नत्थूजींची कारणं तयार होती. वावर नांगरायचं आहे, जावई येणार आहे, शनिवार आहे. मग एक दिवस चिडले आणि खरं बोलले. "त्या दवाखान्यात रोज गावातलं कोणी ना कोणी राह्यते. तंबाखूमुक्तीचा अध्यक्ष कॅन्सरच्या लायनीत उभा दिसला तं गावाच्या बक्षिसाचं काय होईन? अन् तपासाले तुकडा काढला की थे भडकते, माह्या चुलत्याचं तसंच झालं." चुलत्यांचं तसं झालं नव्हतं. ते गेले तेव्हा सगळीकडे सांगितलं होतं की अल्पशा आजारानं गेले. आमच्या जिल्ह्यात सगळे अल्पशा आजारानंच जातात, त्यामुळे मोठ्या आजाराचा कोणालाच पत्ता नाही.

शकुबाईंनी, म्हणजे नत्थूजींच्या बायकोनं, ओसरीच्या दारातून हे ऐकलं. त्या दोन महिन्यांपासून भाकर दुधात भिजवून देत होत्या. दात गेले असतील, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमदासभाऊ दुकानात आले आणि म्हणाले, "वर 'अत्यंत तातडीचे' टाकजो." मी चेष्टा केली, भाऊ, सहा वर्षांत तातडी आताच आली काय? ते हसले नाहीत. "थो दवाखान्यात जात नाई न? मंग दवाखाना इथं आणतो." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राज्याचं धोरण बदलायला निघालेला हा माणूस आता एकच तोंड उघडायला निघाला होता. राज्याचं तोंड उघडणं त्या मानानं सोपं होतं.

या वेळी नशीब म्हणा की कोणाला कंटाळा आला म्हणा, अभ्यास मंजूर झाला. एका मोठ्या दवाखान्याचं पथक काही गावं निवडून तिथं तोंडं तपासणार, चट्टा दिसला की उपचाराची सोय करणार आणि पुढं पाच वर्षं येत राहणार. अट एकच. गावात खर्रा खाणारे भरपूर हवेत आणि त्यांनी स्वतःहून पुढं यायला हवं. गावोगाव विचारणा झाली: आपल्या गावात खर्रा खाणारे किती? आमच्या ग्रामपंचायतीनं अभिमानानं कळवलं: निरंक.

प्रेमदासभाऊ डोकं धरून माझ्या बाकड्यावर बसले. बाजूला सरपंचांचे दीर खर्रा घोटत उभे होते, आणि निरंकचं ते उत्तर त्यांनीच दिलं होतं. सहा वर्षं भांडून आणलेला अभ्यास आता खर्रा खाणारा कोणी नाही म्हणून शेजारच्या गावाला जाणार होता. तिथे जाऊन नत्थूजींनी तोंड उघडणं शक्यच नव्हतं.

प्रेमदासभाऊ पथकाच्या फक्त पाया पडायचे बाकी राहिले. शेवटी डॉक्टर मेघा म्हणाल्या, एकदा येऊन बघते. त्या पथकाच्या प्रमुख, वय तिशीतलं, मूळच्या आपल्याच भागातल्या देवळीच्या. म्हणजे खर्रा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नव्हतं.

समाजमंदिरात सभा भरली. फोटो काढायला मी, कारण गावात फोटो काढायलाही मीच असतो. मंचावर नत्थूजी, पांढरा सदरा, छातीला बिल्ला. ते बोलायला उभे राहिले. आवाज थोडा दबका होता, पण उत्साह तोच. म्हणाले, "डॉक्टरताई, आमच्या गावात तुम्हाला पेशंट मिळणार नाहीत, ही आमच्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवताना पुढच्या रांगेतला एक जण उठून खिडकीबाहेर थुंकून आला.

डॉक्टर मेघांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "काकाजी, दात असे काळे काऊन झाले?"

"चहा पितो न."

"अन् तुमचे, भाऊ?"

"आमच्या इकडचं पाणीच खराब हाय."

"खिशातून पन्नी दिसून राह्यली."

"थे बियाणं हाय, मॅडम. पऱ्हाटीचं."

सगळं गाव गंभीर चेहऱ्यानं बसलेलं. कोणाला हसू नाही, कोणाला लाज नाही. बक्षीस मिळालं की माणसाला स्वतःबद्दलचं काहीही खरं वाटायला लागतं. डॉक्टर मेघांनी पेनाला टोपण लावलं आणि सोबतच्या पोरींना सामान आवरायला सांगितलं.

प्रेमदासभाऊ सभेतून उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, हरले. नंतर रामाजीकडून कळलं ते असं. ते फलकाच्या मागं जाऊन म्हणाले, एक खर्रा दे. रामाजीनं आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नाही. शाळेच्या मास्तरांनाही नाही आणि पोलीस पाटलालाही नाही. पण त्या दिवशी म्हणाला, "भाऊ, तुमाले नाई देत. मले पाप लागन." त्याला पाप आहे हे ठाऊक होतं, म्हणजे बघा. प्रेमदासभाऊंनी पन्नी त्याच्या हातातून ओढून घेतली.

ते परत आले आणि सभेच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसले. खिशातून पन्नी काढली आणि घोटायला लागले. पन्नीचा तो चरचर आवाज सभागृहभर गेला. मग चुन्याचा आणि तंबाखूचा वास. मंचावर सरपंच आभार मानत होत्या. त्यांचं ऐकता ऐकता, मान न वळवता, लोकांचे हात पुढं यायला लागले. आधी शेजारच्याचा. मग मागच्याचा, पुढच्या दोघांच्या मधून. चहानं दात काळे झालेल्या म्हाताऱ्याचा. खराब पाण्याचा. पऱ्हाटीच्या बियाण्याचा. माझाही. खोटं कशाला सांगू, मोबाइल उजव्या हातात होता म्हणून मी डावा पुढं केला. कोणालाच कळलं नाही आपण काय करतोय. खुर्चीवरून वाकून, सदऱ्याची बाही सावरत, मंचावरून एक हात खाली आला. तो नत्थूजींचा होता.

घोटणं थांबलं. कोणाच्याच तळहातावर काही पडलं नाही. प्रेमदासभाऊंनी पन्नीची गाठ मारली, खिशात टाकली आणि वर बघितलं.

"डॉक्टरताई," ते म्हणाले, "मोजा आता."

सगळं गाव हात पुढं करून बसलेलं. कोणी हात मागं घेऊन मांडीखाली दाबला. मागून एक बाई खो खो हसली आणि मग सगळ्याच बाया हसायला लागल्या. नत्थूजी लाल झाले. उठले, चप्पल शोधू लागले. ते दारातून गेले असते तर परत कधीच आले नसते, हे मलाही कळत होतं.

प्रेमदासभाऊंनी माइक घेतला. ज्या माणसाला सहा वर्षं सत्कार करून करून गप्प बसवलं, त्याला ती विद्या आता चांगलीच येत होती. एकदम कार्यक्रमाचा आवाज लावला. "बंधू-भगिनींनो! आपल्या गावातल्या मुख तपासणीचा शुभारंभ आपल्या सर्वांचे लाडके अध्यक्ष आदरणीय नत्थूजी यांच्या तोंडाने होत आहे. जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. तानाबाई कुठून हार घेऊन आल्या देव जाणे, बहुतेक सरपंचांच्याच गळ्यातला उतरवला असावा. नत्थूजी दारात थांबले. या माणसानं जन्मात एकही शुभारंभ सोडलेला नाही. त्यांनी एकदा चपलेकडे पाहिलं, एकदा हाराकडे. मग सदरा खाली ओढला आणि खुर्चीवर येऊन बसले. मला म्हणाले, "फोटो नीट घेजो, मुकेश."

डॉक्टर मेघांनी हातमोजे घातले. "अध्यक्षसाहेब, आपली तीन बोटं अशी उभी धरून तोंडात घाला. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं जातात."

नत्थूजींनी तीन बोटं ओठांशी नेली. जाईनात. दोन नेली. ओठांची कड ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं. दोनही जाईनात. मग त्यांनी एकच बोट आत घातलं आणि तसेच बसून राहिले, हार गळ्यात आणि बोट तोंडात. मी फोटो घेतला नाही. मी घेऊच शकलो नाही.

डॉक्टर मेघांनी बॅटरी धरून वाकून पाहिलं. पाहायला जरा जास्तच वेळ लागला. टाळ्या वाजवणारे हात मांडीवर पडले होते. मागं बसलेल्या शकुबाई उठून पुढं आल्या, पदर तोंडाला. त्यांनी नवऱ्याच्या गळ्यातला हार काढला आणि हातात गुंडाळून उभ्या राहिल्या.

त्यानंतर मात्र गाव रांगेत लागलं. बक्षीस गेलं तर गेलं, पण नत्थूजींचं ते एक बोट सगळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या तोंडात अडीच गेली. डॉक्टर म्हणाल्या, आजच सोड. त्या दिवसापासून मी सोडला आहे, अधूनमधून.

सभेचे परिणाम सरकारी शिस्तीनं झाले. एका स्थानिक पेपरानं बातमी दिली: 'अध्यक्षांनी स्वतःपासून सुरुवात करून घातला आदर्श.' तंबाखूमुक्तीच्या कचेरीनं प्रेमदासभाऊंना नोटीस पाठवली, की आपण तंबाखूमुक्त गावात सार्वजनिक ठिकाणी तंबाखूजन्य पदार्थाचं प्रदर्शन केलं, खुलासा करावा. सत्काराची निमंत्रणं सोडली तर सहा वर्षांत सरकारनं त्यांना स्वतःहून पाठवलेलं हे पहिलं पत्र. त्यांनी मला त्याची पोच द्यायला सांगितलं. आणि अभ्यास आमच्या गावात आला. पथक दर महिन्याला येतं.

नत्थूजींचा तुकडा काढला. तो कर्करोगच निघाला, आणि बराच पुढं गेलेला. ते प्रेमदासभाऊंशी बोलेनासे झाले. भर सभेत नागडं केलं, असं त्यांचं म्हणणं. प्रेमदासभाऊ रोज ओसरीवर जायचे, बसायचे, परत यायचे. शकुबाई चहा द्यायच्या. नत्थूजी भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात आम्ही दोघं गेलो. दुपारी चारला भेटायची वेळ. वॉर्डात नत्थूजी दवाखान्याच्या हिरव्या कपड्यांत बसलेले. पांढऱ्या सदऱ्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते मला गावातल्या कोणाही म्हाताऱ्यासारखे दिसले. शकुबाई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. प्रेमदासभाऊ खाटेच्या कडेला बसले.

मग नत्थूजी म्हणाले, "सारा डावा जबडा काढतो म्हणते बे डॉक्टर."

"हो," प्रेमदासभाऊ म्हणाले.

"प्रेमदास, खरं सांगजो. त्या लग्नात तू म्हणत होता, तवाच दाखवलं असतं तं वाचला असता काय जबडा?"

मी खिडकीकडे बघायला लागलो. याचं उत्तर मला पाठ होतं. मी ते सहा वर्षं ठळक अक्षरात टाइप केलं होतं. ते मुंबईला सांगून झालं होतं, पुण्याला सांगून झालं होतं, दिल्लीला रजिस्टर पोस्टानं पाठवून झालं होतं. या माणसाचं सगळं भांडण त्या एका वाक्याचं होतं.

प्रेमदासभाऊंनी नत्थूजींचा हात हातात घेतला.

"नाई बे," ते म्हणाले. "तवाही येवढाच गेला असता. तुह्यी काई चूक नाई."

नत्थूजींनी मान हलवली. खांदे खाली आले. किती महिन्यांनी ते निवांत आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले.

आम्ही जिना उतरलो. खालच्या पायरीवर प्रेमदासभाऊ बसले आणि त्या अर्ध्या तोंडानं रडले. लोक जात-येत होते. दवाखान्यात रडणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. आयुष्यभर या माणसाची चेष्टा करणारा मी, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "उद्या दुकान लवकर उघडजो," म्हणाले. "निवेदन हाय."

"काय लिहू?" मी विचारलं.

"जे नत्थूले नाई सांगितलं, थे."